बंद कोड आणि खुली लायब्ररी : लिंक करण्याआधी काय तपासायचं, कसं तपासायचं

आमच्या छोट्या टीमने कॉलेजांसाठी लेक्चर रेकॉर्ड करणारं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर केलं होतं. कोड आमचा, बंद, म्हणजे त्याचा सोर्स (आम्ही लिहिलेला मूळ कोड) कुणाला न देता. इंटरफेस क्यूटी या लायब्ररीचा (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड), आणि व्हिडिओचं सगळं काम एफएफएमपेग या लायब्ररीकडे. पुण्यातल्या दोन-चार कॉलेजांत ते सुरळीत चाललं. मग परदेशातल्या एका ग्राहकाने खरेदीआधी एक फॉर्म पाठवला: इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्यांच्या कोणत्या लायब्ररी आहेत, आणि प्रत्येकीचं लायसन्स काय? मी लिहून मोकळा झालो, "एफएफएमपेग, एलजीपीएल, डायनॅमिक लिंकिंग." एलजीपीएल हे काही अटींवर बंद कोडलाही चालणारं लायसन्स; आणि डायनॅमिक लिंकिंग म्हणजे लायब्ररी आपल्या प्रोग्रॅममध्ये न मिसळता वेगळ्या फाइलमध्ये ठेवून (विंडोजवर ती डीएलएल) प्रोग्रॅम चालताना जोडणं.

फॉर्म जाण्याआधी सहकारी म्हणाली, "दादा, एकदा त्या डीएलएललाच विचारून बघू ना." एफएफएमपेगमध्ये एव्हीकोडेक-लायसन्स नावाचं फंक्शन असतं. ती बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल) कोणत्या लायसन्सखाली बिल्ड झाली आहे ते हे फंक्शन मजकुरात सांगतं. तिने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि आमच्या इन्स्टॉलरमधल्याच डीएलएलवर चालवला. उत्तर आलं: जीपीएल, आवृत्ती २ किंवा त्यापुढची. हे एलजीपीएलहून कडक लायसन्स, बंद कोडशी न जुळणारं.

ती डीएलएल आम्ही नेटवरून तयार उचलली होती. बनवणाऱ्याने तिच्यात एक्स२६४ हा एन्कोडर (व्हिडिओ एच.२६४ या प्रकारात दाबून साठवणारा कोड) घातला होता. एक्स२६४ जीपीएलखाली आहे, आणि तो आत आला की एफएफएमपेगची ती अख्खी बायनरी जीपीएलची होते. एफएफएमपेगच्या वेबसाइटवर 'एलजीपीएल' लिहिलंय हे खरं, पण ते मूळ सोर्सबद्दल. आमच्या हातातली बायनरी वेगळीच होती.

त्या आठवड्यापासून मी ही तपासणी प्रत्येक बिल्डवर करतो. 'डायनॅमिक लिंकिंग केलं की बंद कोडला सगळं चालतं' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं की लोक त्यालाच नियम समजतात. तो नियम नाही. लिंकिंगची पद्धत हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की त्या लायसन्सने वापरणाऱ्याला कोणता हक्क दिला आहे, आणि आपल्या प्रॉडक्टमध्ये तो हक्क त्याला खरोखर बजावता येतो का?

आधी ठरवा : प्रत कुणाच्या हातात जाते?

जीपीएल आणि एलजीपीएलच्या बहुतेक अटी प्रत दुसऱ्याला दिली की लागू होतात. कंपनीच्या आत, स्वतःच्या कामासाठी, जीपीएल लायब्ररी बंद कोडला जोडली तर कुणाला सोर्स द्यावा लागत नाही. सर्व्हरवर चालवून फक्त सेवा दिली तरीही साध्या जीपीएलमध्ये ते वितरण धरलं जात नाही. ही पळवाट एजीपीएल या जीपीएलच्याच भावंड लायसन्सने बंद केली. तुम्ही बदललेला एजीपीएल प्रोग्रॅम लोक नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्यांना सोर्स मिळण्याची सोय करावी लागते.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, वेब अ‍ॅप असलं तरी ब्राउझरकडे जाणारी जावास्क्रिप्ट ही प्रतच आहे. दोन, आणि हे आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांसाठी जास्त महत्त्वाचं: क्लायंटसाठी सॉफ्टवेअर करून त्याच्या हवाली केलं, तेही वितरणच. सोर्स क्लायंटला देतच असाल तर त्या क्षणी तुमची अडचण होत नाही. पण क्लायंट ते पुढे बंद प्रॉडक्ट म्हणून विकणार असेल तर अडचण त्याची होते, आणि तो जाब तुम्हालाच विचारणार. म्हणून जीपीएलचा भाग असेल तर तो काम घेतानाच सांगावा.

बायनरीत खरंच काय आहे ते काढा

पॅकेज मॅनेजरची यादी पुरेशी नसते. मी तीन गोष्टी करतो. लिनक्सवर एलडीडी चालवून प्रोग्रॅम कोणकोणत्या शेअर्ड लायब्ररी ओढतो ते बघतो; विंडोजवर तेच काम डंपबिन करतं. मग इन्स्टॉल झालेलं फोल्डर उघडून प्रत्येक डीएलएलचं नाव कागदावर घेतो, कारण चालू असताना गरजेपुरत्या लोड होणाऱ्या प्लगइन फायली या साधनांना दिसत नाहीत. शेवटी स्टॅटिक लिंक झालेल्या, म्हणजे बिल्ड करतानाच प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये मिसळून गेलेल्या गोष्टी. त्या बाहेरून दिसतच नाहीत, त्यामुळे लिंकरची (तुकडे जोडणाऱ्या साधनाची) मॅप फाइल, म्हणजे काय काय जोडलं त्याची यादी, बघावी लागते.

गो आणि रस्ट वापरणाऱ्यांनी हा टप्पा जास्त काळजीने करावा. या भाषांत डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रॅम ज्यांवर उभा असतो त्या लायब्ररी, सहसा एकाच बायनरीत स्टॅटिक जातात. फोल्डरमध्ये एकच फाइल दिसते, आणि तिच्या आत शंभर जणांचं काम असतं.

एफएफएमपेगसाठी तपासणी सोपी आहे. तिचा कमांडलाइन प्रोग्रॅम व्हर्जनच्या पर्यायासह चालवला की बिल्ड करताना दिलेले सगळे पर्याय छापून येतात. त्यात 'एनेबल-जीपीएल' दिसलं तर बायनरी जीपीएलची. 'एनेबल-नॉनफ्री' दिसलं तर ती कुणालाच वाटता येत नाही, बंद कोड असो वा खुला.

लायसन्सचे स्वभाव

एमआयटी, बीएसडी, अपाची २.० ही मोकळी लायसन्स. बंद कोडला स्टॅटिक जोडा, डायनॅमिक जोडा, हरकत नाही. पण कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर बायनरीसोबतही जायलाच हवा, आणि अपाचीमध्ये नोटीस फाइल असेल तर तीही. 'एमआयटी म्हणजे काहीच करायचं नाही' असं समजून ही एवढी एकच अट मोडणारे कितीतरी इन्स्टॉलर मी पाहिले आहेत. ज्याने फुकट कोड दिला त्याचं नाव ठेवायचं, इतकंच तर मागणं आहे.

एमपीएल २.० ची हद्द फाइलपुरती असते. त्यांच्या फाइलमध्ये बदल केला तर ती फाइल खुली करा. शेजारच्या तुमच्या फायली तुमच्याच. स्टॅटिक लिंकिंग चालतं.

एलजीपीएलची हद्द लायब्ररीपुरती. तिच्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण बंद कोडवाल्यांचा रोजचा संबंध तिच्याशीच येतो.

जीपीएलची हद्द संपूर्ण प्रोग्रॅमभर. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं स्पष्ट आहे: लिंकिंग स्टॅटिक असो की डायनॅमिक, जीपीएल लायब्ररीशी जोडलेला प्रोग्रॅम मिळून एकच काम होतं आणि ते सगळं जीपीएलखाली द्यावं लागतं. नुसत्या लिंकिंगने असं काही होत नाही, असं मानणारे कायदेतज्ज्ञही आहेत. अमेरिकेतले लॉरेन्स रोझेन हे त्यांतलं ठळक नाव. वाद खरा आहे, पण त्याच्या भरवशावर मी प्रॉडक्ट बाहेर काढणार नाही. लायब्ररीच्या लेखकाने जीपीएल निवडलं तेव्हा त्याला काय हवं होतं हे उघड आहे, आणि त्याचा मान ठेवायचा नसेल तर दुसरी लायब्ररी शोधावी.

काही जीपीएल कोड सोबत अपवाद घेऊन येतो, आणि तो अपवाद वाचल्याशिवाय घाबरून जाऊ नये. जावा प्रोग्रॅम चालवणारं ओपनजेडीके जीपीएल २ खाली आहे, पण क्लासपाथ अपवादामुळे तुमचा जावा प्रोग्रॅम बंद राहू शकतो. जीसीसी या कंपाइलरने कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीचे तुकडे येतात, त्यांनाही असाच अपवाद आहे. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लायसन्ससोबतच्या टिपणीत लिहिलंय की नेहमीच्या सिस्टीम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारे प्रोग्रॅम या कॉपीराइटच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच लिनक्सवर बंद सॉफ्टवेअर बिनधास्त चालतं. कर्नल मॉड्यूलची गोष्ट मात्र निराळी: बंद मॉड्यूल लोड केलं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (दूषित) असा शिक्का मारून घेतो, आणि बरीच फंक्शनं फक्त जीपीएल मॉड्यूलांसाठी राखीव असतात.

'लिंक तर ग्राहक करतो' ही युक्ती

ही युक्ती दरवर्षी कुणीतरी नव्याने शोधतं: आपण लायब्ररी सोबत द्यायचीच नाही, ग्राहकाच्या मशिनवर लिंकिंग होऊ द्यायचं, म्हणजे जीपीएल मोडलाच नाही. ती १९९२ मध्येच वापरून झाली आहे. सी-लिस्प हा लिस्प या भाषेचा इंटरप्रिटर रीडलाइन ही टाइप केलेली ओळ दुरुस्त करू देणारी जीपीएल लायब्ररी वापरत होता. त्याचे लेखक ब्रूनो हायब्ले यांनी असाच युक्तिवाद जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्याकडे मांडला. स्टॉलमन यांना तो पटला नाही. प्रोग्रॅम त्या लायब्ररीसाठीच बेतलेला आहे, मग शेवटची गाठ कुणी मारली याने काय फरक पडतो, असा मुद्दा होता. पत्रव्यवहाराअखेर सी-लिस्प जीपीएलखाली आलं. रीडलाइनच हवी असा आग्रह नसेल तर आज बीएसडीची लिबएडिट आहे, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तीच वापरतात.

एलजीपीएल : करायची कामं

एलजीपीएल २.१ चं सहावं कलम शांतपणे एकदा वाचाच. त्याचा गाभा असा: तुमचा प्रोग्रॅम तुमच्या अटींवर द्या, सोर्स झाकून ठेवा, पण वापरणाऱ्याला लायब्ररी बदलून तुमचा प्रोग्रॅम त्या बदललेल्या लायब्ररीसह चालवता आला पाहिजे. त्यातून ही कामं निघतात.

पहिलं, जोडणी. शेअर्ड लायब्ररी म्हणून जोडली की बदलण्याची सोय आपोआप होते. स्टॅटिक जोडायला एलजीपीएलची बंदी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. फक्त मग तुमच्या कोडच्या ऑब्जेक्ट फायली आणि पुन्हा लिंक करण्याची कृती द्यावी लागते. सोर्स नाही, ऑब्जेक्ट फायली, म्हणजे कंपाइल झालेले पण अजून न जोडलेले तुकडे. लिनक्सवर एकच स्टॅटिक बायनरी करायच्या मोहात जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी आत ओढली तर हीच अट लागते, कारण जीलिबसी एलजीपीएल आहे. मसल ही तेच काम करणारी लायब्ररी एमआयटी आहे, म्हणून स्टॅटिक बिल्डसाठी लोक तिच्याकडे वळतात.

दुसरं, हेडर फायली, म्हणजे लायब्ररी वापरताना आपल्या कोडमध्ये घ्याव्या लागणाऱ्या तिच्या फायली. छोटे मॅक्रो, डेटाची मांडणी आणि दहा ओळींपर्यंतची इनलाइन फंक्शनं तुमच्या कोडमध्ये आली तर चालतं. सी++ च्या मोठ्या टेम्प्लेट्सवर उभ्या असलेल्या लायब्ररीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते, तेव्हा त्या लायब्ररीने वेगळी सवलत दिली आहे का ते बघा.

तिसरं, सोर्स. तुम्ही जी डीएलएल देता, नेमका तिचाच सोर्स: तीच आवृत्ती, तुमचे बदल, आणि बिल्डचे पर्याय. मूळ प्रोजेक्टच्या वेबसाइटकडे बोट दाखवून भागवू नका. उद्या ते पान हललं तर जबाबदारी तुमचीच. आम्ही इन्स्टॉलर जिथे ठेवतो त्याच पानावर सोर्सची झिप ठेवतो. बिल्ड स्क्रिप्टही द्यायची असते. जर्मनीत एका राउटर कंपनीवर २०२३ मध्ये नेमका यावरूनच दावा झाला: सोर्स दिला होता, पण एलजीपीएल लायब्ररी पुन्हा कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्ट अपुऱ्या होत्या. शेवटी कंपनीला त्या द्याव्या लागल्या.

चौथं, तुमचं स्वतःचं करारपत्र. इन्स्टॉल करताना 'मान्य आहे' म्हणायला लावतो तो मजकूर उघडा. त्यात 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई' असं सरसकट वाक्य असणार, कारण सगळे कुठून तरी तेच उतरवतात. एलजीपीएल म्हणते की लायब्ररीतल्या बदलांचं डीबगिंग करण्यापुरतं रिव्हर्स इंजिनिअरिंग तुम्ही करू दिलंच पाहिजे. आमच्या करारपत्रातही ते वाक्य होतं. वकिलांनी एक अपवादाचं वाक्य जोडलं, दहा मिनिटांचं काम. पण त्याआधी दीड वर्ष आम्ही नकळत अट मोडत होतो.

पाचवं, ओळख. 'अबाउट'च्या खिडकीत लायब्ररीचं नाव आणि लायसन्स, आणि फोल्डरमध्ये लायसन्सचा पूर्ण मजकूर. एफएफएमपेगचे लोक आणखी एक रास्त गोष्ट मागतात: त्यांच्या डीएलएलचं नाव ओळखू न येण्यासारखं बदलू नका.

क्यूटी वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी. २०१६ च्या ५.७ आवृत्तीपासून क्यूटीचा मुख्य भाग एलजीपीएल ३ कडे गेला आहे, आणि एलजीपीएल ३ ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी बदललेली लायब्ररी इन्स्टॉल करण्याची माहितीही मागते. म्हणजे घरात वापरायचं उपकरण बूटलोडरला (उपकरण सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमला) कुलूप लावून विकायचं असेल तर तिथे अडाल. दुसरं, क्यूटीतलं सगळंच एलजीपीएल नाही. पडद्यावरचा व्हर्च्युअल कीबोर्ड जीपीएल ३ किंवा व्यावसायिक लायसन्सखाली मिळतो. टचस्क्रीन किऑस्क करणाऱ्यांना हा कीबोर्ड हमखास लागतो, आणि तो क्यूटीचाच भाग म्हणून मिळतो, त्यामुळे लक्षात येत नाही.

जीपीएल सापडलं तर

आमच्यापुढे हाच प्रश्न होता. रस्ते चार: कोड खुला करा, जीपीएलचा भाग काढून टाका, तो वेगळ्या प्रक्रियेत न्या, किंवा लेखकांकडून व्यावसायिक लायसन्स विकत घ्या. शेवटचा रस्ता लोक विसरतात. एक्स२६४ असं लायसन्स विकतं. ज्याच्याकडे सगळा कॉपीराइट आहे तो एकच कोड दोन अटींवर देऊ शकतो, त्यात गैर काही नाही.

वेगळी प्रक्रिया म्हणजे जीपीएलचा प्रोग्रॅम स्वतंत्र एक्झिक्युटेबल म्हणून चालवायचा आणि त्याच्याशी कमांडलाइन, पाइप किंवा सॉकेटमधून बोलायचं. फाउंडेशनच्या मतेही अशी दोन टोकं सहसा दोन वेगळे प्रोग्रॅम असतात. 'सहसा' हा शब्द महत्त्वाचा. एकमेकांच्या आतल्या डेटा स्ट्रक्चरची खोल देवाणघेवाण होत असेल तर मधली भिंत नावापुरतीच उरते. 'या फाइलचं रूपांतर कर आणि त्या नावाने ठेव' एवढंच सांगत असाल तर मी निश्चिंत असतो. मात्र तो जीपीएल प्रोग्रॅम इन्स्टॉलरमधून तुम्हीच देत असाल, तर त्याचा सोर्स, एक्स२६४ सकट, देणं तुमच्याकडेच येतं. भिंतीमुळे तुमचा कोड वाचतो, त्यांच्या अटी माफ होत नाहीत.

आम्ही दुसरा रस्ता घेतला. एफएफएमपेग स्वतः बिल्ड केलं, जीपीएलचा पर्याय न देता, आणि एन्कोडिंग विंडोजच्या मीडिया फाउंडेशनकडे सोपवलं. एफएफएमपेगला ते जोडता येतं. दुसरा पर्याय सिस्कोच्या ओपनएच२६४ चा होता, तो बीएसडीखाली आहे. एच.२६४ ची पेटंटं हा सगळ्याहून वेगळा विषय. कॉपीराइटचं लायसन्स नीट पाळलं म्हणून पेटंटचा प्रश्न सुटत नाही.

यात कोर्टाची वेळ येत नाही असंही समजू नका. अमेरिकेत आर्टिफेक्सने घोस्टस्क्रिप्ट या आपल्या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमवरून हॅनकॉम या कोरियन कंपनीवर दावा केला, आणि २०१७ मध्ये कोर्टाने तो सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. फ्रान्समध्ये आंत्रुव्हेर या छोट्या कंपनीच्या जीपीएल लायब्ररीवरून ऑरेंज या दूरसंचार कंपनीला फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने आठ लाख युरोंची भरपाई द्यायला लावली. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. प्रत वाटायचा हक्क लायसन्समधूनच येतो. अट मोडली की तो हक्कच उरत नाही.

अदलाबदलीची चाचणी

कागदावर सगळं जुळलं की शेवटी हे करून बघा. ज्याने प्रॉडक्टवर काम केलेलं नाही असा माणूस आणि कोरं मशिन घ्या. त्याला फक्त तुमच्या पानावरची सोर्सची झिप द्या. त्याने तीच लायब्ररी बिल्ड करावी, आवृत्तीच्या नावाला एखादी खूण जोडून. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी 'एक्स्ट्रा-व्हर्जन' हा पर्याय आहे. मग नवी डीएलएल इन्स्टॉल फोल्डरमध्ये जुनीच्या जागी ठेवून प्रोग्रॅम सुरू करावा.

आमच्याकडे पहिल्या खेपेला तो सुरूच झाला नाही. सुरुवातीला सगळ्या फायलींचे चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारे आकडे) तपासणारा कोड कुणीतरी सुरक्षेसाठी घातला होता, आणि तो बदललेली डीएलएल दिसताच प्रोग्रॅम बंद करत होता. हेतू चांगला, पण वापरणाऱ्याचा हक्क तिथेच संपत होता. लायब्ररीच्या फायली आम्ही त्या यादीतून काढल्या. आमच्या स्वतःच्या फायलींची तपासणी तशीच ठेवली. मॅकवर असाच अडथळा हार्डन्ड रनटाइम या सुरक्षेच्या सोयीमुळे येतो, तो दुसऱ्याच्या सहीची लायब्ररी लोडच करत नाही; लायब्ररीच्या सहीची पडताळणी बंद करणारं एन्टायटलमेंट (प्रोग्रॅमला दिलेली खास परवानगी) द्यावं लागतं. दुसऱ्या खेपेला प्रोग्रॅम उघडला, रेकॉर्डिंग झालं, आणि 'अबाउट'मध्ये चाचणी करणाऱ्या मुलाने दिलेली खूण दिसली. मगच मी फॉर्ममध्ये 'एलजीपीएल' लिहिलं.

आधीच्या प्रतींचं काय?

चूक निघाली की नवी आवृत्ती काढून गप्प बसायचा मोह होतो. जीपीएल २ आणि एलजीपीएल २.१ मध्ये अट मोडताच वाटण्याचा हक्क आपोआप जातो. आवृत्ती ३ मध्ये परत येण्याची वाट स्पष्ट लिहिली आहे: चूक थांबवली आणि नंतर साठ दिवसांत हक्कधारकाने कळवलं नाही तर हक्क कायमचा परत मिळतो, पहिल्यांदाच नोटीस आली असेल तर तीस दिवसांत दुरुस्त केल्यावरही मिळतो. आम्ही जुने इन्स्टॉलर उतरवले, कॉलेजांना नवीन आवृत्ती दिली आणि सोबत काय चुकलं होतं ते चार ओळींत कळवलं. परदेशातल्या ग्राहकाच्या फॉर्मलाही तीच चार ओळींची नोंद जोडली, तारखेसह.

आता सहकारिणीचा तो चार ओळींचा तपासणीचा प्रोग्रॅम बिल्ड सर्व्हरवर आहे. डीएलएलने 'एलजीपीएल'शिवाय दुसरं काही उत्तर दिलं तर बिल्ड तिथेच थांबतं.